‘सर, सगळं कॉपी झालंय’ : एका घरातल्या संगणक-बदलाचं प्रकरण

मिरजेतल्या एका घरात २०१२ साली असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप नोव्हेंबर २०२५ पर्यंत वापरात होता. विंडोज ७, तीही ३२-बिट. २ जीबी रॅम. ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे तिचे सी, डी, ई असे तीन भाग. घरातले सर निवृत्त मुख्याध्यापक आणि एका वाचनालयाचे बरीच वर्षं चिटणीस. त्यामुळे या डिस्कवर घरचे फोटो आणि लग्नाची चित्रफीत होतीच, शिवाय वाचनालयाची पत्रं, सभासदांची यादी आणि पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये जुळवलेले वार्षिक अंकही होते.

बदल करणं भागच होतं. विंडोज ७ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती चालते आणि ती २०२३ च्या जानेवारीतली आहे, त्यामुळे बँकेचं संकेतस्थळ लॉगिनच्या पानापुढे जाईना. विंडोज १० चढवून उपयोग नव्हता, कारण तिची नियमित सुरक्षा-अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, आणि २०१२ च्या बोर्डावर या दोन्ही गोष्टी नसतात. म्हणून नवा संगणक आला: १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी, विंडोज ११ होम.

जुना संगणक दुकानदार एक्स्चेंजमध्ये घेणार होता. त्याच्या माणसाने ३२ जीबीच्या पेनड्राइव्हने चार खेपा केल्या. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डी ड्राइव्ह एवढं नव्या मशिनवर आणून ठेवलं आणि सांगितलं, ‘सर, सगळं कॉपी झालंय. जुना डबा उद्या घेऊन जातो.’ रात्री मुलीने पुण्याहून फोनवर दहा-बारा फाइली उघडून बघायला सांगितल्या. त्यातल्या निम्म्या उघडल्या नाहीत. ‘बाबा, जुना कॉम्प्युटर अजून कुणाला देऊ नका,’ हे तिचं वाक्य या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय ठरलं. मशिन दुसऱ्या दिवशी दुकानात गेलं असतं, तर फॉरमॅट होऊन विकलं गेलं असतं.

त्या रात्री दिसलेल्या तीन गोष्टी

पहिली गोष्ट म्हणजे वर्डमधली पत्रं. फाइल उघडत होती, पण आत मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा काला दिसत होता. सरांना वाटलं, फाइल बिघडली. फाइल शाबूत होती. नव्या संगणकावर कृतिदेव फॉन्ट नव्हता, एवढंच. याचा खुलासा पुढे सविस्तर येतो.

दुसरी गोष्ट फोटोंच्या फोल्डरांची. ‘सहल’, ‘वास्तुशांत’, ‘नातू’ अशी नावं दिसत होती, पण प्रत्येकाच्या कोपऱ्यात छोटा बाण आणि आकार फक्त १ केबी. हा आपल्याकडच्या सायबर कॅफेपासून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत सगळीकडे फिरलेला शॉर्टकट व्हायरस. तो पेनड्राइव्हवरच्या खऱ्या फोल्डरांना ‘हिडन’ आणि ‘सिस्टिम’ अशा दोन खुणा लावून लपवतो आणि त्यांच्या नावाचे शॉर्टकट पुढे करतो. कॉपी करणाऱ्याने ‘सिलेक्ट ऑल’ केलं, की दिसणारे शॉर्टकट तेवढे उचलले जातात आणि खरे फोटो पेनड्राइव्हवरच राहतात. शॉर्टकटवर क्लिक केलं, तर फोल्डर उघडण्याआधी व्हायरस चालतो. इथे नव्या विंडोजच्या डिफेंडरने तो अडवला, म्हणून निभावलं.

तिसरी गोष्ट, लग्नाची चित्रफीत आलीच नव्हती. ती ६ जीबीच्या वरची एकच फाइल होती. ३२ जीबीचे पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले येतात आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असूच शकत नाही. अशा वेळी विंडोज ‘फाइल फार मोठी आहे’ असं सांगून ‘स्किप’चं बटण पुढे करते. ते दाबलं गेलं आणि त्याची नोंद कुठेच राहिली नाही. पेनड्राइव्हने काम करायचंच असेल, तर आधी तो एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करावा. पण पावणेदोनशे जीबी माल पेनड्राइव्हने हलवूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

जुनं मशिन जिवंत असतानाच करायची कामं

डिस्क काढून नव्या संगणकाला जोडली, की फाइली मिळतात. पण काही गोष्टी जुनी विंडोज सुरू असतानाच मिळतात, नंतर नाही. म्हणून स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी दोन दिवस जुन्या मशिनवर काम केलं.

सुरुवातीलाच घड्याळ १ जानेवारी २०१२ दाखवत होतं. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा नाण्याएवढा सेल संपला, की असं होतं. तारीख चुकली की प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ ‘प्रमाणपत्र वैध नाही’ म्हणून अडतं आणि नव्याने सेव्ह केलेल्या फाइलीवरही खोटी तारीख पडते. सेल बदलला, बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, तारीख लावली, मग पुढचं काम.

त्यानंतर डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये तिचा रंग पिवळा, म्हणजे सावधगिरीचा होता. बघायच्या ओळी तीनच: ०५ म्हणजे बदलून दिलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न आलेले आणि निकालाची वाट बघणारे, सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे. इथे सी५ ची किंमत ८ होती. हा प्रोग्रॅम आकडे मुळात सोळाच्या पायावर दाखवतो, त्यामुळे तिथे ‘१०’ दिसलं तर ते सोळा समजायचे. पिवळी डिस्क लगेच मरतेच असं नाही. पण तिच्यावर डिस्क दुरुस्तीचा ‘चेकडिस्क’ चालवणं, डिफ्रॅग करणं किंवा रात्रभर व्हायरस स्कॅन लावणं टाळायचं. आधी माल बाहेर काढायचा, तोही किमतीच्या क्रमाने: ज्याची दुसरी प्रत जगात कुठेच नाही ते पहिलं. सरांचं लिखाण आणि वाचनालयाच्या फाइली मिळून ३ जीबीसुद्धा नव्हत्या. त्या एका स्वच्छ, नव्याने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर लगेच उतरवल्या. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असता, तर मशिन तिथेच बंद करून डिस्क डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्यावी लागली असती.

मग पासवर्ड. क्रोमचं सगळं फोल्डर उचलून नव्या संगणकावर ठेवलं, तर बुकमार्क येतात, पासवर्ड येत नाहीत. ते ज्या किल्लीने बंद केलेले असतात, ती किल्ली जुन्या विंडोजमधल्या त्या युजरच्या खात्याशी बांधलेली असते. म्हणून जुन्या मशिनवरच क्रोमच्या सेटिंगमधून पासवर्ड ‘एक्स्पोर्ट’ करून सीएसव्ही फाइल घेतली. ही फाइल म्हणजे उघड्या कागदावर लिहिलेले पासवर्ड. नव्या संगणकात इम्पोर्ट झाल्याबरोबर ती पेनड्राइव्हवरून आणि रिसायकल बिनमधूनही काढून टाकली.

ईमेल विंडोज लाइव्ह मेलमध्ये होतं. ते युजरच्या फोल्डरातल्या ॲपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरात साठवलं जातं, म्हणून ‘डॉक्युमेंट्स’ कॉपी करणाऱ्याच्या हाती कधीच लागत नाही. प्रोग्रॅममधूनच ईएमएल स्वरूपात निर्यात केलं. नव्या संगणकावर थंडरबर्ड या मोफत ईमेल प्रोग्रॅममध्ये ‘इम्पोर्टएक्स्पोर्टटूल्स एनजी’ हे ॲड-ऑन टाकून ते आत घेता आलं. एकेका पत्राची एकेक फाइल असते, त्यामुळे हे सावकाश होतं.

ॲपडेटामध्ये आणखी एक कोपरा आहे, ‘व्हर्च्युअलस्टोअर’. विंडोज ७ च्या काळात जुने प्रोग्रॅम स्वतःच्याच ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधल्या फोल्डरात डेटा लिहायचा प्रयत्न करत. विंडोज तसं लिहू देत नसे, पण प्रोग्रॅमला तसं कळूही देत नसे. लिहिलेलं सगळं गुपचूप इथे वळवत असे. वाचनालयाच्या जुन्या पुस्तक-नोंदणी प्रोग्रॅमचा ताजा डेटा इथेच सापडला. ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधली त्याच नावाची फाइल कित्येक वर्षं जुनी होती. दोन्हींच्या तारखा ताडून बघितल्या नसत्या, तर जुनीच फाइल खरी समजून नेली गेली असती.

याशिवाय सी ड्राइव्हच्या मुळाशी थेट काढलेली फोल्डरं, ‘पब्लिक’ फोल्डर, आणि ई ड्राइव्ह. ई ड्राइव्ह कुणी उघडलाच नव्हता. त्यात २००६ ते २०११ चे फोटो होते.

फॉन्टही याच दिवशी घेतले. विंडोजच्या फॉन्ट फोल्डरातले सगळे फॉन्ट एका साध्या फोल्डरात उतरवले. कोणता लागेल हे नंतर ठरतं. स्थापित प्रोग्रॅमांची यादी कंट्रोल पॅनेलमधून पडद्याचा फोटो काढून ठेवली.

नवा संगणक: फाइली आणण्याआधी

जोडणीत एकच अडचण आली. जुन्या मॉनिटरला फक्त व्हीजीए, नव्या मशिनला एचडीएमआय. नुसती बदलती पिन चालत नाही. डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारा, आत चिप असलेला एचडीएमआय-ते-व्हीजीए कन्व्हर्टर लागतो. ६०० व्हीएच्या यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी फुगली होती, तीही बदलली. कॉपी चालू असताना वीज गेली तर डोकेदुखी वाढते, आणि आजारी डिस्कला अचानक बंद होणं मुळीच सोसत नाही.

विंडोज ११ होम पहिल्या सुरुवातीला इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खातं मागते. इथे तीन गोष्टी लक्ष देऊन करायच्या असतात.

एक, डिव्हाइस एन्क्रिप्शन. नव्या मशिनवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलं की ते बहुतेक वेळा आपोआप सुरू होतं. उद्या मदरबोर्ड बदलला किंवा बायॉस अपडेट झालं, तर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती खात्यात साठवलेली असते, पण खात्याचाच पासवर्ड विसरला तर डिस्कवरचं काहीही मिळत नाही. की कागदावर उतरवून घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवली.

दोन, वनड्राइव्ह. सेटअपमध्ये ‘पुढे, पुढे’ करत गेलं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही तिन्ही फोल्डरं वनड्राइव्हच्या आत जातात. मोफत जागा ५ जीबी. त्यात शंभर जीबी फोटो ओतले, की ‘जागा भरली’चे इशारे सुरू होतात आणि कोणती फाइल संगणकात आहे, कोणती ढगात, याचा पत्ता लागत नाही. वनड्राइव्हच्या सेटिंगमधून या फोल्डरांचा बॅकअप आधी बंद केला, मगच कॉपीला हात घातला.

तीन, युजर फोल्डरचं नाव. मायक्रोसॉफ्ट खात्यातून आत गेलं, तर ईमेलची पहिली पाच अक्षरं फोल्डरचं नाव होतात. त्याने काही बिघडत नाही, फक्त नंतर ते बदलायला जाऊ नये.

सरांना सी, डी, ई असे भाग हवे होते. पाडायला हरकत नाही. विंडोज पुन्हा टाकावी लागली तर डेटा बाजूला राहतो. पण डी ड्राइव्हवर ठेवलेली प्रत म्हणजे बॅकअप, ही समजूत मात्र मनातून काढावी लागते. एसएसडी गेली की सगळे भाग एकदम जातात. इथे एकच भाग ठेवला आणि बॅकअपला १ टीबीची बाहेरची डिस्क घेतली. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसते आणि १ टीबीची डिस्क ९३१ जीबी. हा फरक मोजण्याच्या पद्धतीचा आहे, दुकानदाराने कमी दिलेली नसते.

डिस्क जोडणं आणि कॉपी

नेटवर्क केबलने दोन संगणक जोडून फाइली ओढण्याचा मार्ग सोडून दिला. विंडोज ११ जुन्या शेअरिंगबाबत कडक आहे, पाहुणा म्हणून सहजासहजी आत येऊ देत नाही. विंडोज एक्सपीच्या मशिनशी तर सरळ बोलतच नाही. डिस्क काढणं सोपं.

प्लग काढला, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरलं, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली. डिस्क कडांना धरून बाहेर. डेस्कटॉपची डिस्क साडेतीन इंची असते आणि तिला १२ व्होल्ट लागतात. यूएसबीतून फक्त ५ मिळतात. म्हणून लॅपटॉपच्या डिस्कसाठी मिळणारी नुसती केबल इथे चालत नाही, स्वतःचा १२ व्होल्टचा ॲडॉप्टर असलेलाच यूएसबी-ते-साटा संच लागतो. तो यूएसबी ३ च्या पोर्टात लावला. यूएसबी २ च्या पोर्टात वेग सेकंदाला तीस-पस्तीस एमबीच्या वर जात नाही.

जोडल्यावर विंडोजने ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का’ असं विचारलं, तर उत्तर नेहमी ‘कॅन्सल’. इथे विचारलं नाही. मात्र जुन्या युजरच्या फोल्डरवर ‘परवानगी नाही’ असा संदेश आला. ‘कंटिन्यू’ दाबलं की विंडोज त्या फोल्डरातल्या हजारो फाइलींच्या परवानग्या बदलत बसते, म्हणजे आजारी डिस्कवर लिहीत बसते. ते टाळायचं होतं.

म्हणून कॉपी एक्सप्लोररने न करता रोबोकॉपीने केली. हा कॉपी करणारा प्रोग्रॅम विंडोजमध्येच असतो; कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडायचा, आधी कुठून, मग कुठे, आणि मग स्लॅश लावून पर्याय. वापरलेले पर्याय असे: ‘ई’ म्हणजे सगळी पोटफोल्डरं, रिकामीसुद्धा, ‘बी’ म्हणजे बॅकअप मोड, ज्यात परवानग्यांना हात न लावता वाचता येतं, ‘एक्सजे’ म्हणजे जंक्शन (दुसऱ्या फोल्डरकडे नेणारी वाट) वगळणं, ‘आर’ कोलन १ आणि ‘डब्ल्यू’ कोलन १, म्हणजे फाइल वाचता आली नाही तर एक सेकंद थांबून एकदाच पुन्हा प्रयत्न, ‘डीकॉपी’ कोलन डीएटी, म्हणजे फोल्डरांच्या मूळ तारखा राहाव्यात, आणि शेवटी ‘लॉग’ कोलन व नोंदफाइलीचं नाव.

यातले दोन विसरले तर कॉपी संपतच नाही. विंडोज ७ च्या युजर फोल्डरात ‘ॲप्लिकेशन डेटा’ नावाचं जंक्शन पुन्हा स्वतःच्याच घराकडे बोट दाखवतं; ‘एक्सजे’ नसेल तर रोबोकॉपी त्याच गल्लीत गोल-गोल फिरत राहू शकतो. आणि ‘आर’, ‘डब्ल्यू’ दिले नाहीत, तर न वाचता येणारी एकेक फाइल तो मुळातल्या सेटिंगप्रमाणे दहा लाख वेळा, दर वेळी तीस सेकंद थांबून, पुन्हा वाचायला जातो. खराब सेक्टर असलेल्या डिस्कला तो छळच.

क्रम तोच ठेवला: लिखाण, मग फोटो, शेवटी चित्रफिती. १७८ जीबीला दोन तासांच्या थोडं वर लागलं. मोठ्या चित्रफिती भरभर गेल्या. वेळ खाल्ला तो हजारो चिल्लर फाइलींनी. कॉपी चालू असताना नवा संगणक झोपू नये म्हणून पॉवर सेटिंगमध्ये ‘स्लीप’ बंद ठेवलं होतं.

कॉपी झाली आणि डी ड्राइव्हचं नवं फोल्डरच दिसेना. घाबरण्यासारखं काही नाही. ड्राइव्हच्या मुळापासून कॉपी केली, की मुळाची ‘हिडन’ आणि ‘सिस्टिम’ ही खूण नव्या फोल्डरालाही लागते. ॲट्रिब कमांडला वजा एच, वजा एस आणि फोल्डरचं नाव दिलं की ते पुन्हा दिसतं. शॉर्टकट व्हायरसने लपवलेली पेनड्राइव्हवरची फोल्डरंही याच कमांडने परत दिसतात. फक्त आधी डिफेंडरचा कस्टम स्कॅन करून घ्यायचा. नव्या संगणकावर आलेल्या सगळ्या मालावरही तो चालवला, तेव्हा जुन्या डी ड्राइव्हवरून आलेल्या त्याच जातीच्या आणखी दोन फाइली पकडल्या गेल्या.

नोंदफाइलीत ‘एरर २३’ तीनदा होता, म्हणजे सायक्लिक रिडंडन्सी चेक: तो सेक्टर वाचताच आला नाही. दोन फोटो आणि एक चित्रफीत. फोटो मुलीकडे ईमेलमध्ये सापडले. चित्रफितीची मूळ डीव्हीडी कपाटात होती. नव्या कॅबिनेटला डीव्हीडी ड्राइव्ह नसल्याने यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह आणून ती पुन्हा उतरवली. एक्सप्लोररने कॉपी केली असती, तर याच तीन ठिकाणी कुणीतरी ‘स्किप’ दाबलं असतं आणि काय गेलं ते कधीच कळलं नसतं. नोंदफाइलीसाठीच रोबोकॉपी वापरायचा.

कृतिदेव: फाइल आली, अक्षरं नाही आली

कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी, आकृती हे जुन्या पद्धतीचे फॉन्ट. यात संगणकाच्या लेखी मराठी नसतंच. फाइलीत इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात आणि फॉन्ट त्या अक्षराच्या जागी मराठी चित्र दाखवतो. ‘मराठी’ हा शब्द कृतिदेवच्या फाइलीत ई, जे, के, मोठा बी, एच असा असतो. ‘मंडळ’ हा ई, ए, मोठा एम, मोठा जी असा. फॉन्ट नसला की खालची ही अक्षरं उघडी पडतात. सरांनी पाहिलेला काला हाच होता.

इलाज पहिला: फॉन्ट टाकणं. फॉन्ट फाइलीवर उजवं क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स’ निवडायचं. साधं ‘इन्स्टॉल’ केलं तर फॉन्ट फक्त त्या युजरच्या ॲपडेटात बसतो आणि काही जुन्या प्रोग्रॅमांना तो सापडत नाही. फॉन्ट बसताच पत्रं जशीच्या तशी वाचता आली.

पण त्या फाइलीत नवीन टायपिंग करायला जाल, तर वर्ड घोळ घालतो. वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करण्याची वर्डची सवय इथे महागात पडते: छोटा ई म्हणजे ‘म’, मोठा ई म्हणजे अर्धा ‘म्’. तसंच सरळ अवतरणचिन्ह वळणदार करण्याची सवय. कृतिदेवमध्ये ‘शाळा’चा ‘श’ सरळ एकेरी अवतरणचिन्ह अधिक के असा बनतो. वर्डने ते चिन्ह वळवलं की ‘श’ जाऊन तिथे अवतरणचिन्ह आणि काना उरतो. ऑटोकरेक्टमधल्या या दोन्ही सवयी बंद कराव्या लागतात.

ज्या फाइली पुढे वापरायच्या आहेत, त्या युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाला मराठी अक्षर मराठी म्हणूनच कळतं त्या पद्धतीत, आणलेल्या बऱ्या. रूपांतर करणारी साधनं मोफत मिळतात, पण तपासल्याशिवाय एकही फाइल पुढे जाऊ देऊ नये. ऱ्हस्व वेलांटी कृतिदेवमध्ये अक्षराच्या आधी असते, युनिकोडमध्ये नंतर: ‘कविता’ तिथे क, वेलांटी, व, त, काना अशा क्रमाने साठवलेली असते. रफार उलट, अक्षराच्या नंतर टाइप केलेला असतो. रूपांतर चुकतं ते बहुधा याच दोन ठिकाणी. बरीच साधनं हिंदीसाठी बनलेली, म्हणून ‘दुसऱ्या’, ‘कुऱ्हाड’ यांतला ऱ आणि ‘ळ’ डोळ्यांनी बघून घ्यायचे. आणखी एक: पत्रात मध्येच खरं इंग्रजी असतं, पुस्तकाचं नाव, ईमेलचा पत्ता. संपूर्ण मजकूर चिकटवून रूपांतर केलं की तेही मराठी समजून उलटवलं जातं. ज्या मजकुराचा फॉन्ट कृतिदेव आहे तेवढाच बदलणारा वर्डचा मॅक्रो असेल, तर हे टळतं.

सभासदांची यादी एक्सेलमध्ये होती आणि तिचा एक जुना त्रास इथे सुटला. ती कधीच अकारविल्हे लागत नसे, कारण एक्सेल खालच्या इंग्रजी अक्षरांप्रमाणे क्रम लावत होतं. युनिकोड झाल्यावर आडनावं ‘अत्रे’पासून सुरळीत लागली आणि शोधही मराठीत घेता येऊ लागला. टायपिंगसाठी विंडोजमध्ये मराठी भाषा जोडून ‘मराठी फोनेटिक’ कळपट निवडला. सरांना इनस्क्रिप्ट हा दुसरा कळपट शिकायचा नव्हता. जुन्या युनिकोड फाइलींतला मंगल फॉन्ट हल्ली ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ या ऐच्छिक भागात असतो, तोही घेतला.

मूळ कृतिदेव फाइली पुसल्या नाहीत. रूपांतरित प्रत वेगळ्या फोल्डरात, मूळ तिच्या जागी.

मराठी नावांच्या फाइलींबाबत एक सावधगिरी. विंडोज ७ मधल्या ‘कॉम्प्रेस्ड फोल्डर’मध्ये देवनागरी नावाची फाइल घालायला गेलं तर ती नकार देते. झिप करायचंच असेल, तर सेव्हन-झिप वापरावं.

पेजमेकर आणि कुलूप

वार्षिक अंक पेजमेकरमध्ये, श्रीलिपीच्या फॉन्टांत जुळवलेले. श्रीलिपीला हार्डवेअर लॉक, म्हणजे जोडल्याशिवाय प्रोग्रॅम चालू न देणारं छोटं उपकरण, होतं, तेही प्रिंटरच्या २५ पिनांच्या पॅरलल पोर्टात बसणारं. नव्या मशिनला तो पोर्ट नाही. यूएसबी-ते-पॅरलल केबल बाजारात मिळते, पण ती फक्त प्रिंटरसाठी असते. लॉक तिच्यातून ओळखलं जात नाही. पेजमेकरच्या फाइली इनडिझाइन या पानं जुळवायच्या नंतरच्या प्रोग्रॅमच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या उघडत. त्यानंतरच्या उघडत नाहीत. आणि विंडोज ११ फक्त ६४-बिट असल्याने १६-बिटचे अगदी जुने प्रोग्रॅम तिच्यावर चालतच नाहीत.

म्हणजे हे अंक उघडणारं, घरातलं एकमेव यंत्र तो ‘जुना डबा’च होता.

कॉपी पूर्ण झाल्यावर डिस्क परत जुन्या मशिनमध्ये बसवली आणि एकेक अंक उघडून पीडीएफ प्रिंटरवर छापला. फॉन्ट पीडीएफमध्ये भरले गेलेत ना, हे प्रत्येक फाइलीच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘एम्बेडेड’ असं लिहिलेलं बघून पक्कं केलं. नाहीतर नव्या संगणकावर पुन्हा तोच काला. एका अंकात मुखपृष्ठाचं चित्र जोडलेलं होतं, आत साठवलेलं नव्हतं, आणि त्याचं फोल्डर कधीतरी हलवलं गेलं होतं. पेजमेकरने चित्र कुठे आहे असं विचारल्यावर ई ड्राइव्हवर शोधून दाखवावं लागलं. चौदा अंकांना एक पूर्ण दिवस गेला. या कामात घाई करता येत नाही, पण हे एकदाच करायचं असतं.

तपासणी, आणि जुन्या मशिनचं काय

रोबोकॉपी ‘एल’ पर्याय जोडून पुन्हा चालवला, की कॉपी न करता तो फक्त फरक सांगतो. न वाचता आलेल्या आणि डिफेंडरने काढलेल्या फाइली सोडल्या, तर फरक शून्य आला. पण तो आकार आणि तारीख एवढंच ताडतो, आतला मजकूर नाही. म्हणून खरी तपासणी हातानेच केली: प्रत्येक प्रकारच्या आणि प्रत्येक वर्षाच्या फोल्डरातली किमान एक फाइल उघडून. वर्ड, एक्सेल, कोरलड्रॉमधली लग्नपत्रिका, जुन्या मोबाइलची ३जीपी चित्रफीत, ईमेल. चित्रफिती व्हीएलसीने वाजल्या. लग्नपत्रिका लिबरऑफिस ड्रॉमध्ये उघडली, थोडी विस्कटून. म्हणून तिचाही पीडीएफ जुन्या मशिनवर काढला. काकूंनी यादी वाचायची, सरांनी फाइल उघडायची, अशी दोन संध्याकाळी ही उघडझाप चालली. त्यातूनच एका फोल्डरातले सगळे फोटो आडवे असल्याचं कळलं. ते मूळ डिस्कवरही तसेच होते.

त्यानंतर १ टीबीच्या डिस्कवर पूर्ण प्रत, आणि लिखाण, फोटो व पीडीएफ यांची आणखी एक प्रत मुलीकडे पुण्याला.

दुकानदाराशी बोलून एक्स्चेंज रद्द केलं. पाचशे रुपयांची सूट गेली. मॉनिटर वापरात आहे. कॅबिनेट, श्रीलिपीच्या लॉकसह, माळ्यावर गेलं. ते कधी द्यायचं झालंच, तर आधी डिस्कचं पूर्ण फॉरमॅट करायचं, ‘क्विक’ची खूण काढून; तेव्हाच सगळ्या डिस्कवर शून्यं लिहिली जातात. मग ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे. तोवर कॅबिनेटवर सरांच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवली आहे: ‘पेजमेकर यातच चालतो. मार्च २०२६ पर्यंत पुसू नये. लॉक मागे लावलेलं आहे, काढू नये.’